‘खुरीत बघण्यासारखं काहीच नाही’ या एक ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार साहेब,

‘जैसलमेरजवळ म्हणून वाळवंटातल्या कुठल्यातरी खेड्यात नेऊन टाकलं, तिथे बघायला काही नाही, तनोटही बुडालं,’ असं तुम्ही लिहिलंय. आधी आमचं चुकलं ते सांगतो.

पत्रकात आम्ही नुसतं ‘जैसलमेरजवळ’ छापलं. खुरी तिथून नैर्ऋत्येला जवळपास ४५ किलोमीटर. म्हणजे नागपूरच्या बर्डीवरून रामटेक गाठण्यासारखंच झालं. रामटेकच्या लॉजला कोणी ‘नागपुरातलं’ म्हटलं असतं तर मीही भांडलोच असतो. यापुढे प्रत्येक ठिकाणापुढे किलोमीटर छापणार.

तनोटचं जास्त लागलं. तनोटचं देऊळ उलट्या दिशेला, जैसलमेरपासूनच १२० किलोमीटर. खुरीहून जाऊन-येऊन तीनशेच्या वर. सहाला निघायची गाडी साडेनऊला निघाली आणि वाटेतल्या रामगडवरूनच परत फिरावी लागली. १९६५ च्या युद्धात न फुटलेले तोफगोळे त्या देवळात ठेवलेत, ते तुमच्या वडिलांना बघायचे होते. बुकिंग करताना तुम्ही हे दोनदा सांगितलं होतं. पुढे १९७१ ची लढाई झाली ते लोंगेवालाही त्यामुळेच राहिलं. त्या दिवसाचं पूर्ण गाडीभाडं परत करतोय.

पण ‘बघायला काही नाही’ हे मला पटत नाही. खुरी मुद्दाम निवडलं. वाळूच्या टेकड्या बघायला सगळे सम या गावी जातात. तिथे तंबूंच्या रांगा, रात्री भोंगे. खुरीत मातीच्या भिंती, गवताने शाकारलेली छपरं आणि गाव संपलं की लगेच वाळूच्या टेकड्या. मोबाईलला रेंज नव्हती, खरंय. त्यावर माझ्याकडे इलाज नाही. बाजूलाच ३,१६२ चौरस किलोमीटरचं डेझर्ट नॅशनल पार्क आहे, माळढोक पक्ष्याच्या शेवटच्या आसऱ्यांपैकी एक. माळढोक दिसेलच असा शब्द आम्ही कोणालाच देत नाही. (ताडोब्यात वाघ दिसला नाही तर जिप्सीवाल्यावर चिडणारी आपण माणसं, म्हणून हे आधीच सांगतो.) आणि कुलधरा तुम्ही बघितलंत. पालीवाल ब्राह्मणांचं ते ओस गाव एका रात्रीत रिकामं झालं असं गाइड रंगवून सांगतात; माझ्या मते विहिरी आटल्या आणि माणसं हळूहळू निघून गेली.

एक राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची धाकटी वाळूवर उकिडवी बसून शेणकिड्याच्या पावलांची बारीक नक्षी बोटाने मोजत होती. नाश्त्याला तीन हाका मारल्या तरी उठेना. आमच्या मुलाने तिचा फोटो काढलाय. हवा असेल तर तुमच्या नंबरवर पाठवतो, इथे टाकणार नाही.

वडिलांसाठी तनोट पुन्हा करायचं असेल तर कळवा. या वेळी मुक्काम जैसलमेर शहरातच ठेवू आणि पहाटे पाचला निघू. गाडीत मी स्वतः असेन.