पाण्याने शिरा फुटत नाहीत

पारा चाळिशीला टेकला की तो मेसेज येतोच. नागपुरात आमच्या घरच्या ग्रुपवर यंदा तीनदा आला. मजकूर असा: ४० अंशांच्या वर थंड पाणी पिऊ नका, बारीक रक्तवाहिन्या फुटतात. उन्हातून आल्यावर अर्धा तास हातपाय धुऊ नका. एकाने पाय धुतले आणि तो तिथेच कोसळला. आंघोळही नको. खिशात कांदा ठेवा. खाली ‘एका डॉक्टरांचा सल्ला’. डॉक्टरांना नाव नाही, गाव नाही.

आधी शिरांचं बघू. फ्रिजमधलं ५ अंशांचं पाव लिटर पाणी अंगात ३७ अंशांवर यायला साधारण ८ किलोकॅलरी उष्णता घेतं. साठ किलोच्या माणसाचं अंग त्याने फार तर अंशाच्या सहाव्या हिश्शाने निवेल. एवढ्याने शिरा फुटत असत्या तर प्रत्येक रसवंतीपुढे रुग्णवाहिका उभी दिसली असती. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात हे खरं, पण आकसणं म्हणजे फुटणं नव्हे. बर्फाचं पाणी घटाघटा प्यायल्यावर कपाळात कळ येते, कुणाच्या पोटात मुरडा येतो. म्हणून माठातलं प्या, सावकाश प्या, यात वाद नाही. पण प्या.

पाय धुऊन कोसळलेला तो माणूस खरोखर कोसळला असेलही. उन्हात कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फैलावतात, घामाने अंगातलं पाणी घटलेलं असतं, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. नळाशी वाकून उठताना ती आली नि आळ पाण्यावर गेला. आपल्याकडे तर उन्हातून आलेल्याला आधी पाय धुवायला पाणी, मग गूळपाणी द्यायची रीत. आजीच्या अंगणात त्यासाठी रांजण होता, झाकणीवर पितळी तांब्या पालथा. मामा भर मे महिन्यात शेतातून आला की पहिला तांब्या पायांवर, दुसरा मानेवर. कुणाची शीर फुटल्याचं ऐकिवात नाही.

कांद्यावर शब्द खर्च करत नाही. भाकरीबरोबर खा.

४० चा आकडा मात्र फसवा आहे. किनारपट्टीवर हवामान खातं ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करतं. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहतो; आणि तो वाळल्याशिवाय अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानात, महाराष्ट्र भूषण सोहळ्याला भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. पारा तेव्हा चाळिशीच्या आतच होता.

मला खरा राग येतो तो ‘अर्धा तास थांबा’चा. उष्माघातात अंगाचं तापमान ४० च्या वर जातं, माणूस बरळतो, झटके येतात, शुद्ध हरपते. त्यात हाताशी असतो तो तेवढाच अर्धा तास. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या बांधकामावर एक गवंडी असाच बरळायला लागला. मुकादम बादली घेऊन धावला, तर दोघांनी त्याचा हात धरला: “आत्ता पाणी नका टाकू भाऊ, मोबाइलवर आलंय.” त्याने ऐकलं नाही. गवंड्याला सावलीत ओढलं, शर्ट काढला, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतत राहिला. एक पोरगा प्लायवूडच्या तुकड्याने वारा घालत होता. १०८ ची गाडी येईपर्यंत हे चाललं. नशीब, तोंडात कुणी पाणी ओतलं नाही, शुद्ध नसलेल्या माणसाच्या ते फुप्फुसात जातं. कुणीतरी तापाची गोळी काढली होती. तिचाही उपयोग नव्हता, हा ताप नव्हेच.

गवंडी वाचला.