मोबाइलइतकाच स्लॅबही झोप उडवतो

झोपेवरच्या तुमच्या लेखात झोप बिघडल्याचं सगळं खापर मोबाइलवर फोडलंय. पडद्याच्या उजेडाने मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक, लांबतं हे खरंच, पण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे डोक्यावरचं छतही बघा. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. ४४-४५ अंशांत तापलेला सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत धग सोडतो, मग ते उतरणार कसं? धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात वरचा जाड थर हीच धग अडवायचा. आता निदान मार्चअखेर गच्चीला चुन्याचे दोन हात द्या. कूलर बाहेरची हवा ओढेल असा खिडकीत बसवा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. बंद खोलीत दमट हवा कोंडते, घाम वाळत नाही, दोन वाजता जाग येते.

केळीला रात्रीच्या लाइटीवर पाणी भरणाऱ्यांचे हाल तर कुणी विचारातच घेत नाही. शरीराचं घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर सरकतं, शेतीच्या विजेचं वेळापत्रक मात्र दिवसावरून रात्रीवर एकदम उलटतं. शेतीला दिवसा वीज हा झोपेचाही प्रश्न आहे. तोवर पहाटे मळ्यातून परतल्यावर चहा टाळा, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच ५-६ तास लागतात. खिडकीला जाड गोधडी लावून लगेच आडवे व्हा.