दोन टिंबांचं दुःख

शाळेत माझा विसर्ग नेहमी लिहायचा राहून जायचा. 'दुःख' मी 'दुख' असंच लिहायचो आणि बाई लाल गोल करून अर्धा गुण कापायच्या. दोन टिंबं दिली नाहीत म्हणून दुःख काय कमी होतं, असा माझा तेव्हाचा सवाल होता. त्याचं उत्तर इतक्या वर्षांनी एससीपीने दिलं. कमी होत नाही, वाढतं.

एससीपी म्हणजे एका कॉम्प्युटरवरची फाइल दुसऱ्यावर सुरक्षित पोचवणारी कमांड. खिडकी नाही, बटण नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची: आधी काय न्यायचं, मग कुठे न्यायचं. 'कुठे'मध्ये आधी युजरचं नाव, मग ॲट, मग सर्व्हरचं नाव, मग कोलन, मग फोल्डर. फोल्डर नाही लिहिलं तरी चालतं, फाइल त्या युजरच्या होम फोल्डरमध्ये जाऊन बसते. कोलन मात्र हवाच. हे वाक्य मी आता तुमच्यासाठी लिहितोय, पण त्या दिवशी मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सुरक्षिततेबद्दल शंका नको. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठातल्या नेटवर्कवर कोणीतरी कान लावून पासवर्ड चोरले, तेव्हा १९९५ साली तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, म्हणजे दोन कॉम्प्युटरांमधला एक कुलूपबंद बोगदाच. एससीपी त्याच बोगद्यातून जाते. वाटेत कोणी फाइलला हात लावू शकत नाही. हा सगळा बंदोबस्त चोरांसाठी आहे, माझ्यासाठी नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, या सर्व्हरची ओळख पटत नाही, तरी जोडू का? आणि पुढ्यात बोटांच्या ठशाच्या नावाखाली अक्षरांची एक लांबलचक माळ टाकली. ही माळ पलीकडच्या माळेशी जुळवून पाहायची असते. जुळवून पाहणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी 'वाय' दाबलं. नुसत्या वायने भागत नाही, पूर्ण 'येस' लिहा, असं तिने सुनावलं. लिहिलं. मग पासवर्ड. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, एक चांदणीसुद्धा नाही. कीबोर्ड बिघडला म्हणून मी वायर काढून पुन्हा लावली.

मग पोर्टचं प्रकरण. आमच्या सर्व्हरचं दार नेहमीच्या २२ नंबरवर नाही, २२२२ वर आहे. एसएसएचमध्ये पोर्टसाठी छोटा 'पी' लिहितात, म्हणून मी इथेही छोटा लिहिला. एससीपीत पोर्टचा पी मोठा. छोट्या पीचा अर्थ 'फाइलची तारीख-वेळ जशीच्या तशी ठेव', कारण ती सवय तिने आरसीपी नावाच्या आजीकडून घेतली आहे. त्यामुळे २२२२ ही तिला न्यायची एक फाइल वाटली, आणि ती जाऊन ठोठावत बसली २२ नंबरचंच दार. घरात कोण सासू नि कोण सून, हे पाहुण्याला कसं कळावं!

शेवटी टीममधल्या एका पोराने पासवर्डऐवजी चालणारी माझी डिजिटल किल्ली सर्व्हरवर चढवून दिली आणि पोर्टही सेटिंगमध्ये लिहून ठेवला. "सर, आता पासवर्ड विचारणार नाही," तो म्हणाला. या एका वाक्याने माझा घात केला.

दुसऱ्या दिवशी नोंदींची चार जीबीची फाइल पाठवायची होती. एरवी तिला पाऊण तास लागायचा. ६२ टक्क्यांवर ओळ थबकायची, 'स्टॉल्ड' असा शब्द यायचा, मग कनेक्शन तुटायचं आणि पुन्हा शून्यापासून. (आरसिंक तुटलेल्या जागेपासून पुढे सुरू करू शकतं, हे मला माहीत आहे. कृपया कळवू नये.) त्या दिवशी मी ओळ लिहिली, एंटर दाबलं आणि दहा सेकंदांत काम फत्ते. पासवर्ड नाही, टक्के नाहीत, कुरकुर नाही. नेटवर्क सुधारल्याबद्दल मी संबंधितांना आभाराचा मेलसुद्धा टाकला.

"सर, फाइल आली नाही," तोच पोरगा म्हणाला.

"नीट बघ. दहा सेकंदांत गेली."

"चार जीबी? दहा सेकंदांत?" तो थोडा वेळ गप्प राहिला. "बरं, तुम्ही बघा. मी तोवर इथल्या जुन्या प्रतीतच दुरुस्त्या करत बसतो."

मी पुन्हा पाठवली. आठ सेकंद. तिसऱ्यांदाही तेवढीच. दुपारी तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"सर, एलएस मारा."

मारलं. फोल्डरमधल्या फाइलींची यादी आली. माझ्याच फोल्डरमध्ये, माझ्याच डिस्कवर, एक चार जीबीची फाइल ऐसपैस बसली होती. नाव: युजर, ॲट, सर्व्हर. कोलन नसला की एससीपीला तो सर्व्हर वाटतच नाही, ते एक फाइलचं नाव वाटतं. मग ती बोगद्यात शिरत नाही, शेजारी कॉपी करून मोकळी होते. सकाळपासून मी माझी फाइल माझ्याच घरात, दुसऱ्याच्या नावाची पाटी लावून, तीनदा पोचवली होती.

"कोलन," तो म्हणाला. बाईंचा आवाज अगदी असाच होता.

एससीपी जुनी झाली, असं ती सांभाळणाऱ्या ओपनएसएसएचवाल्यांनीच २०१९ मध्ये सांगितलं आणि २०२२ पासून तिच्या पोटात एसएफटीपी ही फाइल पाठवायची दुसरी पद्धत बसवली. विसर्ग राहिला तर विचारावं, एवढं मात्र अजून कोणाला सुचलेलं नाही.

या वेळी मी पूर्ण पत्ता घातला. कोलन दिला, बोट ठेवून पुन्हा पाहिला, पुढे फोल्डरही अचूक लिहिलं. टक्के सरकू लागले. ६२ गेले, ८० गेले, पन्नास मिनिटांनी १०० झाले. मी विजयी मुद्रेने त्याच्या टेबलापाशी गेलो.

"पोचली का?"

"पोचली सर." तो पडद्याकडे बघत होता. "कुठे टाकलीत?"

मी फोल्डर सांगितलं.

"त्याच नावाने?"

"अर्थात त्याच नावाने."

"मी सकाळपासून ज्या प्रतीत दुरुस्त्या करत होतो ना सर, तिचंही तेच नाव होतं," तो म्हणाला. "एससीपी विचारत नाही."