हे कॉलेज आहे, वावर नाही म्हणे!

आज धाकट्या बहिणीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, प्रोग्राममध्ये चुका किती निघाल्या? ती म्हणाली, "आठाच्या आत होत्या सर, वेचून काढल्या." आठच का, तर तिनं बोंडअळीचा हिशेब सांगितला. मागची पोरं हसली. झालं! "हे कॉलेज आहे, वावर नाही," असं सगळ्यांसमोर सुनावलं. पोरगी घरी येऊन जेवली नाही.

अहो, फी कुठून आली मग? वावरातूनच ना?

हे आठाचं खूळ माझ्यामुळं तिच्या डोक्यात. डिसेंबर २०१७, यवतमाळ जिल्ह्यातलंच एक कॉलेज, मी सेकंड इयरला. लाइट गेलेली, म्हणून सर गोष्ट सांगत बसले. ९ सप्टेंबर १९४७, हार्वर्डचा मार्क टू कॉम्प्युटर, ७० नंबरच्या रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, पतंग अडकलेला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीनं वहीत लावला आणि लिहिलं, प्रत्यक्ष बग सापडल्याची ही पहिलीच घटना. बग म्हणजे किडा; पण बिघाडाला बग म्हणायची रीत त्याच्या कितीतरी आधीची, म्हणून तर ती ओळ गमतीची.

मागून आर्णीकडचा आमचा दोस्त बोलला, "सर, एका पाखरानं काय होते? कामगंध सापळ्यात रोज आठ सापडू द्या, सलग तीन रात्री. मंग फवारनी करू."

सर हसून हसून खुर्चीत बसले. मग त्यालाच फळ्याजवळ बोलावून सापळा समजून घेतला: मादीसारख्या वासानं बोंडअळीचे नर पतंग ओढून पकडायचे, मोजायचे. तेव्हापासून लॅबचा कायदा झाला: आठाच्या आत एरर असतील तर स्वतः वेचा, जास्त असतील तरच मला हाक मारा. माझं डिबगिंग, म्हणजे चुका शोधून काढणं, तिथं सुधारलं, पुस्तकानं नाही.

परीक्षेत थट्टामस्करी नको, मान्य. दिवसभर तेच ते ऐकून माणूस वैतागतो, तेही मान्य. पण विषयातला विनोद कळत नसेल तर विषय कितीसा कळला? १ एप्रिल १९९० ला इंटरनेटवाल्यांनी कबुतरांच्या पायाला बांधून डेटा पाठवायचे रीतसर नियम काढले. २००१ साली नॉर्वेत काही जणांनी ते करूनही पाहिलं. नऊ पॅकेट पाठवले, चारांची उत्तरं परत आली. (आमच्या गावच्या नेटवर्कपेक्षा बरं.) त्यांना कोणी म्हटलं का, हा कबुतरखाना नाही म्हणून?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. कारण दोस्ताचं एक सांगायचं राहिलं. त्या वर्षी त्याच्या बाबांनी उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली होती. बोंडात अळीशिवाय काही उरलंच नव्हतं. आम्हाला हे महिनाभरानं कळलं, सरांनाही. सर ओशाळले, म्हणाले, बंद करू हे आठ-बिठ. तर हाच म्हणाला, "राहू द्या ना सर. वावरात नाई थांबले, इथं तं आठावर थांबू द्या."

तो आता पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. मघाशी फोन लावून सगळं सांगितलं, परीक्षकांना चार शिव्याही घातल्या. त्यानं ऐकून घेतलं.

"पन प्रोग्राम चालला का तिचा?"

"चालला."

"मंग तिले म्हन, आंधी जेव."