दशमांशाचा हिशोब बसवायचा कसा

पगार झाला की पहिली कटकट दशमांशाची, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला द्यायचा त्याची. पण घाबरू नका, दहावा भाग नेमका कशाचा हे अजून कुठल्याच मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) मिटलेलं नाही आणि त्यातच आपलं भलं आहे. ग्रॉसवर द्यायचा नाद सोडा. आधी पीएफचे 12 टक्के बाजूला काढा (म्हातारपणाची सोय, देवालाही कळतं), मग गाडीचा हप्ता, मग पतसंस्था, मग प्रोफेशनल टॅक्सचे 200. फेब्रुवारीत तेच 300 कापतात, तेव्हा त्या महिन्यात दशमांशातून 10 रुपये आणखी कमी करायला विसरू नका, एकदा दानाच्या थैलीत पडलेलं परत मिळत नाही.

बायबलची वचनं पाठ असू द्या, पण कुठलं कधी काढायचं ते कळलं पाहिजे. दशमांशाचं पाकीट भरायच्या वेळी आपण नियमशास्त्राच्या (मोशेच्या जुन्या नियमांच्या) नाही, कृपेच्या अधीन असतो. प्रमोशनची लिस्ट लागायच्या वेळी मात्र मलाखी 3:10 काढायचं, आकाशकपाटं उघडतो म्हणाला होतास ना देवा, उघड मग. (सोलापूरकराला आकाशकपाटं म्हटलं की आधी उजनी धरणाची पातळी आठवते, ते सोडा.) कोणी फारच अभ्यासू निघाला आणि म्हणाला की अब्राहामानं तर नियमशास्त्राच्या कितीतरी आधी मलकीसदेक नावाच्या याजकाला दहावा भाग दिला, तर शांतपणे सांगा, ती लढाईतली लूट होती ओ, आमच्या हाताला लूट लागली की आम्हीपण देऊ.

थैली फिरते तेव्हा नोट मुठीत चुरगाळून हात पार आतपर्यंत घालायचा, म्हणजे शेजारच्याला दहाची का पाचशेची कळत नाही. क्यूआर कोडच्या भानगडीत पडू नका. दाराशी टेबलावर तो पैसे आले की बोलणारा डबा ठेवलेला असतो आणि तुम्ही डोळे मिटून स्कॅन केलं रे केलं की तो सगळ्या मंडळीसमोर बोंबलतो, दहा रुपये मिळाले. मोठी रक्कम असेल तरच स्कॅन करा, तेही बाहेर गर्दी असताना. आणि चर्चला पंखा दिलात तर पात्यावर नाव टाकून घ्या, फिरताना वाचता येत नाही पण लाईट गेली की दिसतं.

हार्वेस्टचा, म्हणजे चर्चच्या सुगीच्या सणाचा लिलाव तर हातचा घालवूच नका. लक्ष्मी मंडईत दहा रुपयाला मिळणारं लिंबू तिथं पाचशेला घ्यायचं, टाळ्या पडतात, फोटो निघतो, पास्टर नाव घेऊन आशीर्वाद देतात, आणि ते पाचशे नंतर गुपचूप त्या महिन्याच्या दशमांशात वळते करायचे. कोंबडी मिळाली तर अजूनच चांगलं, दशमांशपण झाला आणि रविवारचं कालवणपण.

बारीकसारीक हिशोबाची हौस असेल तर मत्तय 23:23 बघा, परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहुदी लोक, पुदिना, शेप आणि जिऱ्याचासुद्धा दशमांश द्यायचे. तुम्हीही शेंगाचटणीतल्या जिऱ्यापर्यंत जाऊ शकता. त्याच वचनात पुढं न्याय, दया आणि विश्वास असं काहीतरी आहे, पण त्याची पावती फाडत नाहीत, सोडून द्या.

बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा 14 वा अध्याय मात्र उघडूच नका. तिथं लिहिलंय की दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा आणि लेवी (देवाच्या सेवेला वाहिलेला वंश), परदेशी, अनाथ, विधवा यांनी येऊन पोटभर खायचं. हे एकदा वाचलं की शेवटच्या बाकावरच्या मावशी दिसायला लागतात, सोलापूरजवळच्या कुंभारीहून येणाऱ्या, विड्या वळून वळून बोटांची टोकं काळी पडलेली, रुमालाच्या गाठीतून वीसची नोट काढणाऱ्या. त्यांना काही द्यायचं असतं असा विषय आपल्या पंच कमिटीत (चर्चचा कारभार बघणाऱ्या) निघालेला मी तरी ऐकला नाही, त्यांच्याकडून घ्यायचा विषय निघतो. त्यासाठी विधवेनं दान केलेल्या दोन टोल्यांचा (बारक्या नाण्यांचा) उपदेश दरवर्षी ठेवा, फक्त मार्क 12 मधल्या 41 व्या वचनापासून सुरू करा. 40 व्या वचनात विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल येशू बोलतो, उगाच पंचांना ठसका लागायचा.

एवढं करूनही पास्टर घरी आले आणि थकलेल्या दशमांशाचं बोलले, तर शेवटचं हत्यार बायबलातल्या गणना पुस्तकाचा 18 वा अध्याय. लेव्यांनीसुद्धा मिळालेल्या दशमांशाचा दशमांश द्यायचा असतो, तेव्हा विचारा, साहेब तुम्ही देता का? पण त्याआधी खजिनदाराला फोन करून पास्टरांचा पगार झालाय का तेवढी खात्री करून घ्या. आमच्या ओळखीतल्या एकानं अस्संच विचारलं आणि पास्टरांनी खिशातून स्वतःचं दशमांशाचं भरलेलं पाकीट काढून टीपॉयवर ठेवलं, मंडळीनं त्यांचा तीन महिन्यांचा पगार थकवलेला होता. विचारणारा स्वतःच पंच कमिटीवर होता म्हणे, चहासुद्धा गार झाला.