शिक्षण ४ वर्षांचं, हप्ते १५ वर्षांचे

दर महिन्याच्या ५ तारखेला फोन टिंग करतो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता गेला! स्टेटमेंट उघडलं की डोकंच फिरतं. भरलेल्यातला मोठा वाटा व्याजाच्या घशात, आणि मुद्दल ढिम्म, जागच्या जागी.

'शिकत असताना हप्ता नाही' हे ऐकून केवढं हायसं वाटलं होतं. हप्ता नव्हता, पण व्याज काय झोपलं होतं? ते चढतच होतं, आणि कोर्स संपल्यावर गुपचूप मुद्दलात जाऊन बसलं. आता व्याजावर व्याज. साधा हिशेब करा: १० टक्के दराने १५ वर्षांसाठी १०० घेतले, तर परत द्यायचे जवळपास १९३. पहिल्या हप्त्यातला तर पाऊण भाग नुसतं व्याज!

बरं, फी तरी एकच असावी? लायब्ररीची वेगळी, परीक्षेची वेगळी, वर 'विकास' फी (कोणाचा विकास, देव जाणे).

आणि एखादा शहाणा विचारतोच, "झेपत नव्हतं तर कर्ज काढलं कशाला?" अरे, मग शिकायचंच नाही का? विचारणारा स्वतः बापाच्या पैशांवर शिकलाय, हे वेगळं सांगायला नकोच.