मूळ तारीख खोडू नका

रबाळे-महापेच्या कारखानदारांच्या बोलण्यात आणि वागळे इस्टेटच्या ग्रुपांवर एक तक्रार ठरलेली: भारतीय मानक ब्युरोचं मानक कधी वेळेवर येत नाही, जर्मनीत असं चालत नाही. जर्मनीत बसून सांगतो, चालतं. मसुदे इथेही रखडतात. जर्मन वक्तशीरपणाचं फारच कौतुक असेल तर एकदा इथल्या रेल्वेने फिरून पाहावं.

फरक आहे तो उशीर दिसण्यात. आयएसओमध्ये, म्हणजे मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेत, प्रकल्प सुरू होतानाच 18, 24 किंवा 36 महिन्यांची मुदत निवडावी लागते. पुढे प्रत्येक टप्प्याला आकडा असतो: 30 म्हणजे समितीचा मसुदा, 60 म्हणजे प्रकाशन. संकेतस्थळावर 40.20 दिसलं की मसुद्यावर सदस्य देशांचं 12 आठवड्यांचं मतदान सुरू झालंय, हे ठाण्यात बसूनही कळतं. मुदत टळली तर वाढ मागावी लागते, ती हवी तितकी मिळत नाही, आणि प्रकल्प रद्दही होतो.

गाडी अडते ती बहुधा मतदानानंतर. शे-दोनशे अभिप्राय आले की समितीला प्रत्येकावर निर्णय द्यावा लागतो. अभिप्राय ज्या तक्त्यात भरून पाठवायचे, त्यात कलम क्रमांक, अभिप्रायाचा प्रकार, हरकत आणि सुचवलेला बदल असे रकाने असतात. बदलाचा रकाना कोरा ठेवून नुसतं ‘ही मर्यादा अव्यवहार्य आहे’ लिहिलं, की त्यावर तासभर वाद. ‘कलम 5.3 मध्ये 0.5 ऐवजी 0.8 मिमी करा, चाचणीचे निकाल सोबत’ असं लिहिलं, तर पाच मिनिटांत निकाल. कधी ज्या मानकाचा संदर्भ दिलाय तेच अजून मसुद्यात असतं. कधी आकृत्या फोटोसारख्या चिकटवलेल्या असतात. संपादक मूळ फाईल मागतात आणि ती काढणारा केव्हाच निवृत्त झालेला असतो.

आपल्याकडेही मसुदा अभिप्रायांसाठी खुला होतो, बहुधा महिना-दोन महिने. तेवढ्या वेळात आपल्या एमआयडीसीतून किती तक्ते भरून जातात? मानक छापून आल्यावर मात्र वर्षभर कुरकुर.

समितीच्या सचिवाच्या नोंदवहीतही एक खोड आहे. मुदत वाढली की नवी तारीख जुनीवर लिहिली जाते, आणि दोन वर्षं लांबलेलं काम कागदावर वेळेत चाललेलं दिसतं. मूळ, सुधारित आणि प्रत्यक्ष, अशा तिन्ही तारखा शेजारीशेजारी राहू द्याव्यात. प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव हवं. ‘कार्यगट’ लिहिलं की ते कुणाचंच नाही. आणि मसुदा द्यायची तारीख बैठकीच्या तीन आठवडे आधीची ठेवावी, कारण आदल्या रात्री आलेला मसुदा कुणी वाचून येत नाही.